मानधन नावाचे सदर

महाराष्ट्रातील दातृत्व आटले, असा ज्यांचा समज झाला असेल त्यांनी कोणत्याही नांदत्या देवस्थानात जाऊन, देवाकडे पाहण्यापूर्वी घटकाभर भोवताली पाहावे. पायरीवर नाव आहे, फरशीवर नाव आहे, घंटेवर, कठड्यावर, पाणपोईच्या टाकीवर, बाकाच्या पाठीवर आणि पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव आहे. आणि ज्या फरशीवर तीर्थरूपांचे नाव कोरले आहे ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली रात्रंदिवस तुडवली जात असली, तरी त्याबद्दल दात्याच्या वंशजांनी कधी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. या दृश्याचे पुष्कळ मनन केल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, दान मिळवण्यास कार्याची थोरवी पुरत नाही आणि त्याची निकडही पुरत नाही. त्या कार्याच्या अंगी एखादा सपाट, टिकाऊ आणि रंग धरून ठेवणारा पृष्ठभाग असावा लागतो. ज्या कार्याला असा पृष्ठभाग नाही त्याच्या चालकांची अवस्था काय होते, हे एका कलावर्गाचा चिटणीस या नात्याने मला चांगलेच ठाऊक आहे.

हा वर्ग कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या शाळेतील एका ऐसपैस खोलीत, शाळा सुटल्यानंतर साडेपाचपासून दिवेलागणीच्या पुढपर्यंत भरतो. ज्यांचे आईबाप अंधार पडल्यावर कामावरून परततात आणि ज्यांना मधल्या वेळात खासगी शिकवणीला धाडण्याची घरची ऐपत नाही, अशी मुले तेथे येऊन चित्रे काढतात, तबला बडवतात आणि नाटुकली बसवतात. कागद, रंग, ब्रश यांचा खर्च बेताचा आहे. खोलीला भाडे नाही. विजेचे बिल नगरपालिका, आमच्या लक्षात न येईल अशा बेताने, शाळेच्या बिलातच भरते. वर्गाचा मुख्य, किंबहुना एकमेव म्हणावा असा खर्च म्हणजे शिकवणाऱ्या तिघांचे मानधन, आणि यच्चयावत दात्यांना नेमके हेच एक सदर नामंजूर आहे.

पैसे मागण्यासाठी मागणाऱ्याला प्रथम अस्तित्व असावे लागते आणि ते आपल्याकडे दोनदा शाबीत करावे लागते : एकदा 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली, आणि दुसऱ्यांदा 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी. सात सभासद जमवणे जड गेले नाही, कारण सभासदत्वाला खर्च नाही हे आम्ही प्रथमच जाहीर केले होते. अडचण आली ती घटनेच्या मसुद्याची. ज्या वकीलसाहेबांनी तो विनामूल्य करून देण्याचे औदार्य दाखवले, त्यांच्याजवळ पूर्वी एका तालमीसाठी तयार केलेला नमुना शिल्लक होता. त्यामुळे संस्थेच्या उद्देशांत व्यसनमुक्ती, वृक्षारोपण, गोसंवर्धन, मल्लविद्येचा प्रसार आणि महापुराच्या प्रसंगी अन्नवाटप ही कलमे आधी येतात, आणि पार शेवटी, पान संपता संपता, 'तसेच चित्र, गायन, नाट्य इत्यादी' एवढी कलेची बोळवण होते. त्या वेळी आम्ही किंचित खट्टू झालो होतो. ही कलमे पुढे किती कामास येणार आहेत याची आम्हांला कल्पना नव्हती.

यथावकाश आयकराची सवलतही मिळाली, जिला लोकव्यवहारात '80जी' म्हणतात, आणि तिने एक अनपेक्षित पेच उभा केला. देणगीची रक्कम शून्यावर संपवणे आपल्याकडे अशुभ मानतात; एकावन्न, एकशे एक, पाचशे एक अशी वरच्या रुपयाची शुभ शेपटी तिला लागतेच. आता आयकराच्या कायद्यात असे कलम आहे की, रोख दिलेली देणगी 2000 रुपयांच्या वर गेली तर तिच्यावर सवलत नाही. वरच्या रकमेपुरती नव्हे, मुळीच नाही. म्हणजे जो गृहस्थ मोठ्या मनाने आणि रोखीने 2001 रुपये देतो त्याची सारी सवलत त्या शेवटच्या मंगल रुपयापायी बुडते. खजिनदारांनी ही गोष्ट गावातील एका सराफांना अत्यंत अदबीने समजावून सांगितली आणि रुपया परत घेण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी थोडा विचार करून 1501 ची पावती फाडायला सांगितली. शुभही राहिले, सवलतही राहिली, आणि जे काही कमी झाले ते आमचेच झाले. चेकने द्या असे सुचवण्याचा मोह आम्ही आवरला, कारण चेक लिहिताना माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो.

वस्तुरूप देणग्यांना मात्र कधीच तोटा पडला नाही. पहिला पंखा आला तेव्हा आम्ही हार घालून सत्कार केला. त्या सत्काराचे छायाचित्र स्थानिक वृत्तपत्रात आले, आणि मग पंख्यांची रीघच लागली. छताला जागा उरली नाही तेव्हा भिंतीवरचे पंखे आले, भिंती भरल्या तेव्हा उभे पंखे आले. आज त्या खोलीत सर्व पंखे एकाच वेळी लावले तर कागद टेबलावर राहत नाही, आणि जलरंगाचा हात फिरवून आकाशाच्या वरच्या टोकाकडून खालच्या टोकाला यावे तो वरचे आकाश वाळून खडखडीत झालेले असते. सबब चित्रकलेच्या तासाला मुले घामाघूम होऊन बसतात आणि दात्यांची नावे स्थिर राहिल्यामुळे स्पष्ट वाचता येतात. पंख्यांखालोखाल भिंतीवरची घड्याळे आहेत. ती सर्व दुकानदारांची आहेत, प्रत्येकाच्या तबकडीवर दुकानाचा पत्ता आहे आणि त्यांतील कोणत्याही दोहोंचे वेळेबाबत एकमत नाही. तबल्याचे बुवा त्यांतल्या सर्वांत मागे असलेल्याकडे पाहून येतात आणि सर्वांत पुढे असलेल्याकडे पाहून जातात. डेडस्टॉक रजिस्टर आता दुसऱ्या खंडात गेले आहे. या संपत्तीचा एक शैक्षणिक उपयोग झाला हे मात्र कबूल केले पाहिजे. शासनाच्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेत स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांच्या जोडीला कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन यांचीही प्रश्नपत्रिका असते. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी नव्या वस्तूंवर 'यांच्या स्मरणार्थ' लिहिण्याचे काम मुलांकडे सोपवले, आणि त्यांचे अक्षरलेखन इतके सुधारले की आता गावातील इतर संस्थाही आपल्या दात्यांची नावे त्यांच्याकडूनच, अर्थातच फुकट, लिहवून घेतात.

लोकप्रतिनिधींकडेही आम्ही जाऊन आलो. आमदारांचा स्थानिक विकास निधी असतो हे खरे, आणि आमच्या आमदारांनी आमचे म्हणणे चहा पाजून ऐकून घेतले हेही खरे. परंतु तो निधी टिकाऊ स्वरूपाच्या कामांवर खर्चायचा असतो, आणि आमचे तिन्ही शिक्षक साठीच्या पुढचे असल्यामुळे त्यांना टिकाऊ काम म्हणून दाखवणे कठीण होते. साहेबांनी सभामंडप देऊ केला. सभामंडपाला जागा नाही म्हटल्यावर शाळेच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवून देऊ म्हणाले. मास्तर तेथेच सद्गदित होऊन म्हणाले, "साहेब, ब्लॉक बसवा, आम्ही त्यावर बसू, पण शिकवायला कोण बसणार?" साहेबांनी स्वीय सहायकाला हे लिहून घ्यायला सांगितले. पुढल्या महिन्यात ब्लॉक बसले.

आमचे अध्यक्ष इतिहासाचे व्यासंगी आहेत आणि अपयशाच्या प्रत्येक प्रसंगी ते पूर्वजांचा दाखला काढतात. सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लक्ष रुपये देऊ केले म्हणून 1857 मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली आणि त्यांचे नाव तिला कायमचे लागले. सर विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली आणि अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. भातखंडे यांच्या परिश्रमाने 1926 मध्ये लखनौला संगीताचे कॉलेज निघाले, तर त्याला भातखंड्यांचे नाव न देता प्रांताचे गव्हर्नर मॅरिससाहेब यांचे देण्यात आले. "म्हणजे नाव विकण्यात कमीपणा नाही," असे अध्यक्षांचे म्हणणे; आणि ते मलाही मान्य आहे. आम्ही नाव द्यायला तयारच आहोत. वर्गाला देऊ, दाराला देऊ, बुधवारच्या संध्याकाळला देऊ. परंतु एक लक्ष देणारा जमशेटजी आणि पंधरा लाख देणारा विठ्ठलदास एकीकडे, आणि पंखा देऊन संपूर्ण वर्गाच्या नामकरणाचा हक्क मागणारा आमचा दाता दुसरीकडे, यांच्यात तपशिलाचा थोडा फरक पडतो.

अध्यक्षांच्या व्यासंगाचा कळस झाला तो पलुस्करांच्या प्रकरणी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. राजेरजवाड्यांच्या आश्रयावर विसंबून न राहता लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर ते चालवले. पुढे मुंबईस आले, कर्ज काढून मोठी इमारत बांधली, आणि त्या कर्जापायीच ती इमारत लिलावात गेली. तथापि विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास हे शिष्य मात्र कोणत्याही सावकाराला लिलावात काढता आले नाहीत, आणि पलुस्करांची विद्या देशभर पसरली ती त्या इमारतीतून नव्हे, या माणसांतून. एवढी हकिकत रसाळपणे सांगून झाल्यावर अध्यक्षांनी सभेला निष्कर्ष सांगितला, तो असा की, आपण इमारतनिधी आधीपासूनच वेगळा काढून ठेवला पाहिजे.

मदतीचा नाट्यप्रयोग ही कल्पनाही त्यांचीच, आणि तिच्यामागेही इतिहास होता. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा शंभर रुपयांचे तिकीट काढून लोक आले होते. आमच्या प्रयोगाला तितका दर ठेवण्याचा आग्रह नव्हता. नाट्यगृहाचे भाडे भरले, दिवे आणि ध्वनी यांचे पैसे भरले, आणि मग सन्मानिका मागणाऱ्यांची रांग लागली : नाट्यगृह ज्यांच्या ताब्यात ते, बंदोबस्त ज्यांच्या हाती ते, बातमी जे देणार ते, स्मरणिकेत 'एक हितचिंतक' या नावाने चतकोर पानाची जाहिरात दिलेले ते, आणि या सर्वांच्या घरची मंडळी. नाट्यगृह तुडुंब भरले. तिकीट काढून आलेले एक वयस्क दांपत्य जागा न मिळाल्यामुळे मागे उभे होते. त्यांना खुर्च्या मिळवून देण्यासाठी मी पुढच्या रांगेत विनंती करायला गेलो, तर तेथील एका सद्गृहस्थांनी मलाच, कार्यकर्ते म्हणवता तर थोडी झीज सोसायला शिका, असा उपदेश केला. प्रयोग उत्तम झाला. नंतर हिशेब जुळवताना खजिनदारांनी 'उत्पन्न' हा मथळा खोडून 'लोकसंग्रह' असा लिहिला.

इतके झाल्यावर आम्हांला ध्यानात आले की, कलेने कलेच्या वेषात कोणाच्याही दारी जाऊ नये. बहुरूपी ज्याप्रमाणे एका दारी पोलीस होऊन दरडावतो आणि दुसऱ्या दारी आणखी कोणी होऊन हात पसरतो, परंतु आपल्या मूळ रूपात कोठेच जात नाही, त्याप्रमाणे आमचा वर्गही सोंगे घेऊ लागला, आणि तालमीच्या घटनेतील ती कलमे येथे धावून आली. आरोग्य विभागाकडे तो व्यसनमुक्तीच्या पथनाट्याचे पथक म्हणून गेला. नगरपालिकेकडे स्वच्छतेच्या घोषवाक्यांनी भिंती रंगवणारी तुकडी म्हणून गेला. एका डॉक्टरांच्या मंडळाकडे परीक्षेचा ताण हलका करणारा उपचार म्हणून गेला. पालकांपुढे तो गुणांचे रूप घेऊन उभा राहतो, कारण शासकीय रेखाकला परीक्षेतील श्रेणीमुळे दहावीला जे वाढीव गुण मिळतात, म्हणजे अ श्रेणीला 7, ब ला 5 आणि क ला 3, ते सर्व पालकांना तोंडपाठ आहेत. एक गृहस्थ बुवांना विचारून गेले, "तबल्याचे किती?" बुवांनी प्रामाणिकपणे "मात्रा सोळा" म्हणून सांगितले आणि तेवढ्याने त्या मुलाचा प्रवेश निश्चित झाला. पथनाट्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले, भिंतींबद्दल रंगाचे उरलेले डबे मिळाले. मानधन सर्वत्र सारखेच नामंजूर झाले.

सर्वांत मोठे सोंग घ्यायचे होते ते कंपनीपुढे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाने, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटींची, उलाढाल 1000 कोटींची किंवा निव्वळ नफा 5 कोटींचा असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत असे ठरवले आहे; आणि कोणत्या कार्यांवर, त्याची यादी सातव्या अनुसूचीत आहे. तीत शिक्षण आहे, पर्यावरण आहे, कला आणि संस्कृतीही आहे. हे वाचून आम्ही हरखून गेलो, आणि जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यास रीतसर दरखास्त धाडली. तिची चौकशी करण्यास ज्या मॅडम आल्या त्या वयाने लहान, स्वभावाने गोड आणि हातातल्या तक्त्याच्या पूर्णपणे अंकित होत्या. त्यांचा आणि मास्तरांचा संवाद मी जसाच्या तसा नोंदवून ठेवला आहे.

"सर, तुमची बेसलाइन काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे मुलं वर्गात आली तेव्हा त्यांची पातळी काय होती?"

"बेताची होती."

"मोजली होती का?"

"मोजायची गरज नव्हती मॅडम. दिसत होती."

मॅडमनी तक्त्यात काहीतरी भरले. "बरं, आणि वर्षभरानंतर? इम्पॅक्ट काय?"

मास्तरांनी बराच वेळ आढ्याकडे, म्हणजे पंख्यांकडे, पाहिले. "पूर्वी कावळा काढला की बघणारे कोंबडी म्हणायचे. आता कावळाच म्हणतात."

"किती टक्के मुलांचा?"

"तसं सांगता यायचं नाही. एकाचा कावळा झाला की शेजारचा त्याचं बघून काढतो. मग तो कोणाचा धरायचा?"

यावर मॅडम हसल्या आणि लिहू लागल्या. पुढे अहवालाची प्रत हाती आली तेव्हा कळले की, या संभाषणाचा गोषवारा 'स्थानिक पक्षी ओळखण्याच्या लाभार्थींच्या क्षमतेत लक्षणीय वाढ' असा देऊन आमचा वर्ग पर्यावरण या शीर्षाखाली मंजूर झाला होता. मला त्या मुलीचे आजही कौतुक वाटते. तिच्या तक्त्यात आनंदासाठी रकाना नव्हता, तेव्हा आहे त्या रकान्यात तिने आम्हांला कसेबसे बसवले. सोंग घेण्याची वेळ केवळ मागणाऱ्यावरच येते असे नाही. मंजुरीपत्रात दप्तरे होती, फलक होता, मुलांना कंपनीचे बोधचिन्ह छापलेले टी-शर्ट होते आणि दुर्बिणी होत्या. मानधनापुढे 'आवर्ती खर्च, सबब अग्राह्य' असा शेरा होता.

तथापि त्या टी-शर्टांनीच पुढचा चमत्कार घडवला. बोधचिन्हे छातीवर मिरवीत आमची मुले बाजारपेठेतून घरी जात असता गावातील एका धान्याच्या अडत्यांनी ती पाहिली, आणि आजवर आमच्यापैकी कोणालाही न सुचलेला विचार त्यांच्या मनात चमकून गेला. तीर्थरूपांच्या नावे कोठे काही करावे अशी त्यांची इच्छा होती. देवळात जागा उरली नव्हती, आमच्या छताची हकिकत त्यांना ठाऊक होती. ते थेट कार्यकारिणीच्या सभेत आले आणि म्हणाले की, चित्रकलेच्या मास्तरांचे वर्षाचे मानधन मी एकरकमी देतो, मात्र वडिलांचे नाव मास्तरांच्या अंगरख्यावर असले पाहिजे.

सभेत शांतता पसरली. अध्यक्षांनी गुरुपदाच्या प्रतिष्ठेचा विषय काढून इतिहासात शिरण्याचा उपक्रम केला. खजिनदार त्यांच्याकडे पाहत राहिले. अखेर मास्तर स्वतःच उठले.

"नाव छातीवर नको," ते म्हणाले, "पाठीवर घाला. शिकवताना माझं तोंड फळ्याकडे असतं. मुलांना दोन तास पाठच दिसते."

अडत्यांना हे एकदम पटले. "पण मास्तर, मे महिन्यात सुट्टी. तेव्हा काय?"

"तेव्हा मी सकाळी मंडईत जातोच."

"आणि हिवाळ्यात? वरून शाल घ्याल!"

"शालीवरही घालू. फक्त अक्षरं मी काढणार. तुमच्या त्या पेंटरचा अंदाज नेहमी चुकतो. सुरुवातीला ऐसपैस लिहीत येतो आणि आडनावाशी दाटी करतो."

शालीचा खर्च निराळा धरावा की मानधनातच समाविष्ट करावा यावर थोडी घासाघीस झाली, आणि तीत अडत्यांचे म्हणणे मान्य झाले. मग खजिनदारांनी पावतीपुस्तक उघडले, कार्बन सरळ केला, आणि 'कशाबद्दल' या छापील शब्दापुढे बराच वेळ लेखणी अधांतरी धरून अखेर लिहिले : 'फलक, नग एक.'